किती घेता? दारू, तब्येत आणि लोकांची उत्तरं (अनुभव धागा)

धागाकर्ता

दारूनं तब्येत बिघडते हे नाकारणारा माणूस आपल्याकडे शोधून सापडायचा नाही. फक्त तो धोका कायम दुसऱ्याच्या ग्लासात असतो. देशी पिणाऱ्याच्या, रोज पिणाऱ्याच्या, उपाशीपोटी पिणाऱ्याच्या. 'किती घेता?' विचारलं की उत्तर येतं, 'ओकेजनली', 'कंपनी असली तर', 'फक्त बिअर'. आकडा काही येत नाही.

ज्यांचा या लोकांशी रोज संबंध येतो त्यांनी इथे लिहावं. स्वतःच्या किंवा मामाच्या पिण्याचे किस्से नकोत, प्रवचन तर नकोच. लोक काय धरून चालतात, त्यात कुठे चुकतं आणि करायचं काय, तेवढं लिहा.

हिशेबापासून सुरू करू. मिलि गुणिले लेबलवरचे टक्के गुणिले 0.79 (अल्कोहोलची घनता), भागिले 100. उत्तर ग्रॅममध्ये, शुद्ध अल्कोहोलचं. व्हिस्की-रमवर 42.8 टक्के असतात (जुन्या ब्रिटिश मापातलं '25 अंडर प्रूफ', म्हणून हा असा वेडावाकडा आकडा). त्यामुळे 60 मिलिच्या पेगमध्ये, म्हणजे 'लार्ज'मध्ये, साधारण 20 ग्रॅम, आणि 180 च्या चपटीत 60. आता 'फक्त बिअर' बघा. 650 मिलिची 8 टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे 41 ग्रॅम, सरळ दोन लार्ज. दोन बाटल्या झाल्या की चपटी ओलांडली, आणि वर 'मी हार्ड घेत नाही'.

सर्जिकल वॉर्डातली सिस्टर

ऑपरेशनच्या आधी हिस्ट्री घेताना पेशंटची बायको, वडील, कधी सासरेही शेजारी उभे असतात. अशा वेळी 'घेता का?'ला 'नाही'च येणार. नातेवाइकांना औषधं आणायला पाठवायचं आणि मग चार गोष्टी विचारायच्या: कुठला ब्रँड, केवढी बाटली, ती किती दिवस पुरते, शेवटची कधी घेतली. 'किती पेग' विचारू नका. घरी ओतलेला पेग 60 चा नसतो, 90 चाही असतो. बाटली किती दिवसांत संपते, हे मात्र बहुतेक जण खरं सांगतात.

हे लपवलं की काय होतं ते मांडीचं हाड मोडून आलेल्या पेशंटमध्ये बघा. पहिला दिवस ठीक. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी शंभरच्या वर. तिसऱ्या दिवशी रात्री माणूस चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचतो, सलाईन ओढून काढतो. नातेवाईक म्हणतात, 'भूल अजून उतरली नाही.' भूल केव्हाच उतरलेली असते, हा दारू एकदम तुटल्याचा परिणाम असतो. झटके शेवटच्या ग्लासानंतर 6 ते 48 तासांत येऊ शकतात, भ्रम बहुधा 48 ते 96 तासांत. उपचार न मिळाले तर यात माणूस दगावू शकतो. आधी कळलं असेल तर हा त्रास आवरणाऱ्या गोळ्या वेळेवर सुरू होतात आणि ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिनचं, म्हणजे बी-1 चं इंजेक्शन देता येतं. हा क्रम चुकला तर मेंदूला इजा होऊ शकते. आणि 'थोडी पाजली की शांत होईल' म्हणून उशीखाली चपटी आणून ठेवू नका. नुकतंच ऑपरेशन झालेला, गुंगीची औषधं चालू असलेला माणूस असतो तो.

समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्र

सिस्टरांच्या मुद्द्याला जोडून श्रावणाचं लिहितो. 'श्रावण कडक पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. महिनाभर थांबता येणं चांगलंच, लिव्हरवरची चरबी काही आठवड्यांत उतरायलाही लागते. पण व्यसन आहे की नाही ते महिनाभराच्या उपासावरून ठरत नाही. सकाळी हात थरथरतात का, ठरवलेल्यापेक्षा जास्त होते का, बंदच्या महिन्यात झोप उडते का, गणपती उठायच्या आत मागचं माप परत येतं का, यावरून ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेची 10 प्रश्नांची 'ऑडिट' चाचणी आहे, गुण 0 ते 40. 8 किंवा जास्त आले तर बोलायची वेळ झाली.

रोज चपटी किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यानं गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम शून्यावर येणं धोक्याचं. पंढरीची माळ घालून सोडणाऱ्यांचंही तेच. माळेनं कित्येकांची सुटली आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. फक्त मुहूर्ताच्या आधी डॉक्टर गाठा, पहिले पाच-सहा दिवस गोळ्यांच्या आधारानं काढा. पूर्वी सोडताना झटका आला असेल तर भरती होऊनच.

आता 'पेशंटला न सांगता दारू सोडवा'च्या जाहिराती. घरचे भाजीत कालवून देतात ती पूड पुष्कळदा डायसल्फिरामची निघते. हे औषध खरं आहे, उपयोगीही आहे, पण माहीत असलेल्या आणि कबूल झालेल्या माणसासाठी. त्यावर दारू पडली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही 14 दिवसांपर्यंत असं होऊ शकतं. ज्याला सांगितलेलंच नाही तो सावध कसा राहणार? सांगून घेणाऱ्यानंही खोकल्याची औषधं बघून घ्यावीत आणि द्राक्षासव, दशमूलारिष्ट टाळावं. आसव-अरिष्टांत आंबवण्यातूनच अल्कोहोल तयार होतं.

पॅथॉलॉजी लॅब

आमच्याकडचा ठरलेला प्रश्न: 'चेकअपच्या आधी किती दिवस बंद ठेवू?' चार दिवस बंद ठेवून काही लपत नाही. वाढलेलं जीजीटी (लिव्हरचं एक एन्झाइम) निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, तीन-चार महिने वाढलेला राहू शकतो, कारण पेशीचं आयुष्यच 120 दिवसांचं. एसजीओटी हे एसजीपीटीच्या (दोन्ही लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम्स) दुपटीहून जास्त असेल तर डॉक्टर दारूबद्दल विचारणारच.

उलटी चूक जास्त महागात जाते: 'एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल, म्हणजे लिव्हर ठणठणीत.' लिव्हर आतून घट्ट होत असताना एन्झाइम्स जवळपास नॉर्मल राहू शकतात. त्यासाठी हातातल्या रिपोर्टवरून फिब-4, म्हणजे लिव्हर किती घट्ट झालंय याचा अंदाज देणारा आकडा, काढा. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). समजा वय 48, एसजीओटी 80, एसजीपीटी 40, प्लेटलेट 1.6 लाख. 48 × 80 = 3840. 160 × 6.32 = 1011. उत्तर 3.8. 1.3 च्या खाली धोका कमी, 2.67 च्या वर फायब्रोस्कॅन (लिव्हरचा घट्टपणा मोजणारी तपासणी) आणि लिव्हरचे डॉक्टर. प्लेटलेट हजारांत लिहायच्या, 1.6 लाखाला 160. लोक 1.6 घालतात आणि उत्तर 380 आलं म्हणून घाबरून फोन करतात.

एक वाचक

हे सगळं मान्य, पण मर्यादेत घेतली तर हृदयाला चांगली असते ना? आणि वाईन तर फळाचीच.

धागाकर्ता

हृदयाच्या जुन्या अभ्यासांत 'न पिणारे' या गटात आजारपणामुळे सोडलेलेही धरले होते. त्यांच्या शेजारी थोडं पिणारा ठणठणीतच दिसणार. वाईनचं म्हणाल तर 150 मिलिचा 13 टक्क्यांचा ग्लास म्हणजे 15 ग्रॅम. 2022 मध्ये महाराष्ट्रात सुपरमार्केटात वाईन विकू देण्यावरून इतका वाद झाला, पण त्यात द्राक्ष बागायतदार आणि संस्कृतीच जास्त होती, ग्रॅम कुणी मोजले नाहीत. शरीर द्राक्षाची दारू आणि मळीची दारू यांत भेद करत नाही, दोन्हींचं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायनच होतं. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं मद्याला 1988 मध्येच पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग नक्की करणाऱ्यांत, टाकलं, तंबाखूच्याच रांगेत. बायकांमध्ये रोजच्या 10 ग्रॅमनंही स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. तंबाखू आणि कर्करोग ही जोडी आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे, दारूचं नाव निघालं की फक्त लिव्हर आठवतं.

परवान्यांची माहिती असलेला

थोडं अवांतर. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो. एक दिवसाचा देशीला 2 रुपये, विदेशीला 5, वर्षाचा 100, आजन्म 1000. विदेशी मद्याचा हा परवाना नियमांप्रमाणे आरोग्य राखण्यासाठी दिला जातो! बाटली म्हणते आरोग्यास हानिकारक, परवाना म्हणतो आरोग्यासाठी. बार-दुकानं एक दिवसाची पावती परस्पर फाडतात, त्यामुळे हे कुणी वाचतच नाही.

गोव्याहून

आमच्याकडे तोच समज फेणीबद्दल. सर्दीला, पोटदुखीला, बाळंतिणीला, सगळ्याला चमचाभर फेणी. त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो म्हणून ऊब वाटते, शरीरातली उष्णता मात्र कमी होते. स्तनपान करणाऱ्या आईच्या दुधात अल्कोहोलचं प्रमाण साधारण रक्ताइतकंच असतं, त्यामुळे चमचा आईपुरता राहत नाही. उराकाला, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या, सौम्य दारूला, तर कुणी दारू धरतच नाही. मार्च-एप्रिलात लिंबू, मीठ, चिरलेली मिरची आणि लिम्का घालून उन्हात सरबतासारखा जातो. 15 टक्क्यांच्या उराकाचा 200 मिलि ग्लास म्हणजे जवळजवळ 24 ग्रॅम, तुमच्या लार्जपेक्षा जास्त.

केमिस्ट

'गोळी आधी घेऊ की नंतर?' असं शनिवारी संध्याकाळी हमखास विचारतात. झोपेच्या गोळीला 'आधी'ही नाही, 'नंतर'ही नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. अंगदुखीच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पण सगळ्यात दुर्लक्षित मधुमेही. ग्लिमेपिराइडची (साखर उतरवणारी) गोळी किंवा इन्सुलिन घेतलं, चकण्यावर भागवलं, जेवण राहिलं. लिव्हर दारूत गुंतलेलं असतं, साखर सोडत नाही. पहाटे माणूस घामाघूम, बरळतोय, आणि घरचे म्हणतात, 'चढलीय, झोपू दे.' आधी बोटातून साखर तपासा. 70 च्या खाली आणि शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी परत तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 लावा. घरात ग्लुकागॉनचं (लिव्हरमधली साखर बाहेर काढणारं) इंजेक्शन असलं तरी त्यावर विसंबू नका. लिव्हरमधला साठा रिकामा असेल तर ते फारसं लागू पडत नाही, शिरेतून ग्लुकोजच लागतं.