चार तारांवरून पाच तारांच्या बासवर: बी तार आवरत नाही

प्रश्न (चौताल)

चार तारांचा बास (बास गिटार) बोटांनी बऱ्यापैकी वाजतो. आता पाच तारांचा घेतला आहे: वाजणाऱ्या तारेची लांबी 34 इंच, ट्यूनिंग सगळ्यात जाड तारेपासून बी-ई-ए-डी-जी, तारांची जाडी 0.045 ते 0.130 इंच. अडचणी तीन. ई समजून बोट बीवर पडतं. पातळ तारा वाजवताना मागे काहीतरी घुमत राहतं. आणि मोकळी बी बाकीच्या तारांपुढे ढिली, गढूळ वाटते. यात हाताचा दोष किती आणि वाद्याचा किती?

खर्जप्रेमी

आधी घुमणं थांबवा, तेच सगळ्यात जास्त त्रास देतं. ए तारेवर दुसऱ्या फ्रेटचा (दांडीवरच्या आडव्या पट्टीचा) बी वाजवा आणि डाव्या हाताने तो झटकन दाबून बंद करा. सूर तरीही रेंगाळला तर बी तार मोकळी सुटली आहे. तो सूर तिच्या मूळ स्वराच्या बरोबर वरच्या सप्तकातला असल्यामुळे ती आपोआप कंप पावते. डी तारेच्या चौथ्या फ्रेटवरचा एफ शार्पही तिला असाच जागा करतो.

उपाय अंगठ्यात आहे. तो पिकअपवर (तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीवर) कायमचा रोवून ठेवायचा नाही, बोटांसोबत सरकवायचा. बी वाजवताना अंगठा पिकअपवर. ई किंवा ए वाजवताना अंगठा बीवर टेकलेला. डी वाजवताना तो ईवर येतो आणि त्याची कड बीला चिकटलेली राहते. जी वाजवताना ए तारेवर, पण आडवा, म्हणजे ई आणि बी दोन्ही त्याखाली झाकल्या जातात. मधली उरलेली एक तार वाजवणाऱ्या बोटानेच बंद होते, कारण आघातानंतर बोट शेजारच्या जाड तारेवर येऊन विसावतं. बोट हवेत उचललं जात असेल तर ही सगळी व्यवस्था कोसळते, म्हणून सुरुवातीला मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून हीच एक गोष्ट बघा.

याच्या उलट, बी तारेवर वाजवताना पातळ तारा बंद ठेवायचं काम डाव्या हाताचं. बोटं थोडी आडवी ठेवली की त्यांचा खालचा भाग त्या तारांवर टेकतो.

चुकीच्या तारेसाठी: मोकळी ई काही दिवस वापरूच नका. ई म्हणजे बी तारेचा पाचवा फ्रेट. तिथे मधलं बोट ठेवून ई मेजर सुरू करा: बीवर 5, 7, ईवर 4, 5, 7, एवर 4, 6, 7, डीवर 4, 6, 7, जीवर 4, 6 आणि मग हात थोडा सरकवून 8, 9. पूर्ण दोन सप्तकं एकाच जागी मिळतात. पाचव्या तारेचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो. ई फ्लॅटपासून बीपर्यंतचे खालचे पाच सूर ही वरची मिळकत.

सॅडल_नट

हाताचं वर आलंच आहे. ढिलेपणात मात्र वाद्याचा वाटा मोठा असू शकतो.

बी तार खोलून पुन्हा चढवा. वळवताना तिला पीळ बसला असेल तर सूर डगमगतो. टोक मोकळं सोडलं की पीळ आपोआप निघतो. तार कापायची असेल तर जिथे कापायची त्याच्या अलीकडे आधी काटकोनात वाकवा, नाहीतर वेटोळं गाभ्यावरून सुटतं आणि तार मेल्यासारखी वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे, खालच्या दिशेने. सुरात आणल्यावर सॅडलच्या (ब्रिजवरच्या टेकूच्या) पुढे आणि नटच्या (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीच्या) पुढे तार अंगठ्याने हलकेच दाबा. जाड तार तिथे कमानीसारखी वळते, म्हणून तिचा टेकू पक्का राहत नाही. एवढ्यानेच आवाज बराच स्वच्छ होतो.

मग मापं. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्यापाशी तार आणि फ्रेटमधली फट साधारण 0.3 मिमी. बाराव्या फ्रेटवर बीची उंची पावणेतीन ते तीन मिमी, जीची दोन. शेवटचा फ्रेट दाबून बी आणि पिकअपमध्ये निदान तीन मिमी अंतर ठेवा. चुंबक जवळ असला की तो जाड तारेला ओढतो आणि सूर थरथरतो.

चौताल

तार पुन्हा चढवली, फरक स्पष्ट आहे. पण ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) मोकळ्या बीवर अजून स्थिर राहत नाही. 35 इंची बास घ्यायला हवा होता का?

सॅडल_नट

मोकळी बी 30.9 हर्ट्झची, बरेच क्लिप ट्यूनर तिथे गोंधळतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता फक्त स्पर्श करून निघणारा सूर) वाजवून जुळवा, तो 61.7 ला येतो. तार हळू छेडा. जोरात छेडली तर सुरुवातीला सूर चढतो.

35 इंचांवर त्याच तारेचा ताण सुमारे 6 टक्के वाढतो. 0.130 ऐवजी 0.135 लावली तरी जवळपास तेवढाच वाढतो, पण जाड तार ताठ असल्याने तिचे वरचे स्वरांश (मूळ सुरात मिसळलेले वरचे सूर) बेसूर होत जातात. त्यापेक्षा सॅडलपाशी निमुळती होणारी बी लावून बघा. एवढ्यासाठी बास बदलू नका.

खर्जप्रेमी

अ‍ॅम्पही तपासा. दहा इंची स्पीकरांचे बरेच कॅबिनेट (स्पीकरच्या पेट्या) 31 हर्ट्झ जेमतेम देतात. आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः 62 आणि त्यावरचे स्वरांश, मूळ स्वर कान भरून काढतो. त्यामुळे बी बारीक वाटली म्हणून बेसचा नॉब वाढवू नका. स्पीकरचा पडदा नुसता हेलकावे खातो, ताकद तिथेच संपते आणि आवाज फाटतो. 200 हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा आणि हाय-पास फिल्टर (फार खालचे सूर गाळणारा) असेल तर 30-35 वर लावा. बी तार ब्रिजच्या बाजूला सरकून, मागच्या पिकअपजवळ छेडली की तिचे सूर एकमेकांपासून वेगळे कळतात.