फरशी पुसणारा सेंटर आणि छातीवर पाय देणारा हिरो

फुलकोर्ट (धागाकर्ता)

४ एप्रिल २०१६, ह्यूस्टन. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची फायनल, व्हिलानोवा विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. नॉर्थ कॅरोलायनाच्या मार्कस पेजने हवेत लटकत, अंग वेडंवाकडं करून तीन गुणांचा शॉट टाकला. ७४-७४, घड्याळात ४.७ सेकंद. टाइमआउट झाला. टीम परत मैदानावर येत असताना व्हिलानोवाचा धिप्पाड सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) डॅनिएल ओचेफू फरशी पुसणाऱ्या पोराच्या हातातून मॉप घेतो आणि एक ओला तुकडा स्वतः खसाखसा पुसतो. पुढच्या चालीत नेमका तिथेच त्याला स्क्रीन लावायचा होता, म्हणजे साथीदारासाठी समोरच्याची वाट अडवून उभं राहायचं होतं. बॉल पुढे नेणारा साथीदार रायन आर्चिडियाकोनो त्या ओल्यावर घसरला असता तर सगळाच खेळ खलास.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्याच टीमच्या जेंकिन्सने बाहेरून बॉल आत दिला, आर्चिडियाकोनो ड्रिबल करत पुढे गेला, स्वतः शॉट घेऊ शकत होता, पण मागून धावत येणाऱ्या जेंकिन्सकडे त्याने बॉल सोडला. त्याचा शॉट आत, व्हिलानोवा ७७-७४. ओचेफूच्या नावापुढे त्या मॉपची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

'चारित्र्य' हा शब्द मुद्दाम टाळतो, त्याचा आपल्याकडे भलताच अर्थ लावतात. वृत्ती म्हणू. माझं म्हणणं एवढंच की कॉलेजच्या खेळात वृत्ती दिसते आणि ती सवयीने येते. नॉर्थ कॅरोलायनाचे जुने कोच डीन स्मिथ यांचे दोन नियम बघा. बास्केट झाली की टाकणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. आणि दम लागला तर मूठ वर करून स्वतःच बाहेर यायचं. जो असा आपणहून बाहेर येईल त्याने दम खाऊन आपणहूनच परत आत जायचं. कोचने ओढून बाहेर काढलं तर मात्र परत कधी पाठवायचं ते कोच ठरवणार. म्हणजे खरं बोलण्यात फायदा, दम लपवण्यात तोटा. ही सवय एका हंगामात लागत नाही. ओचेफू आणि आर्चिडियाकोनो दोघेही चौथ्या वर्षाला होते.

आता बघा. २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे विद्यापीठ बदलायचं असेल तर नाव टाकायची यादी. २०२१ ला एकदा विद्यापीठ बदललं तर एक वर्ष बसून काढायची अट गेली आणि त्याच १ जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली. २०२४ ला पास होत असाल तर दरवर्षी बदला म्हणून सूट. २०२५ ला तर पोर्टलची खिडकी २४ मार्चला उघडली, म्हणजे मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा रंगात आलेली असताना! दर उन्हाळ्यात निम्मी टीम नवी असेल तर मूठ वर करायला शिकवायचं कुणी आणि शिकायचं कुणी?

खडूस_पंच

धागा छान, पण सोयीचा. तुम्ही २०१६ घेतलंत, मी १९९२ घेतो. २८ मार्च, फिलाडेल्फिया, ड्यूक विरुद्ध केंटकी. दुसऱ्या हाफमध्ये ड्यूकच्या ख्रिश्चन लेट्नरने खाली पडलेल्या अमिनू टिंबरलेकच्या छातीवर पाय दिला. टेक्निकल (गैरवर्तनाचा) फाउल मिळाला, बाहेर काढलं नाही. नंतर ओव्हरटाइममध्ये २.१ सेकंद उरलेले, केंटकी १०३-१०२ ने पुढे. ग्रँट हिलचा लांबलचक पास, लेट्नरचा एक ड्रिबल, उजवीकडे हूल, डावीकडे वळून शॉट. १०४-१०३. त्या सामन्यात त्याने १० पैकी १० शॉट आणि १० पैकी १० फ्री थ्रो टाकले. लोकांना शॉट आठवतो, पाय दुय्यम. तोही चौथ्या वर्षाचाच होता बरं का, आणि कोच शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेले शशेव्स्की. चार वर्षांत कुठली सवय लागली?

समोर केंटकीचे चार सिनियर. विद्यापीठावर १९८९ ला कारवाई झाली तरी सोडून न गेलेले म्हणून त्यांच्या जर्सी छताला टांगल्या. निष्ठेचे पुतळेच. त्यातला रिची फार्मर पुढे राज्याचा कृषी आयुक्त झाला आणि पदाचा गैरवापर केल्याबद्दल २०१४ मध्ये त्याला २७ महिन्यांची कैद झाली. शिवाय चौघांपैकी तिघे केंटकीच्याच मातीतले. घर सोडून न जाणं म्हणजे निष्ठा की सोय, हे तुम्ही-आम्ही टीव्हीवरून ठरवणार?

आणि पैशाने वृत्ती बिघडली म्हणणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० मध्ये दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि १९५१ मध्ये त्याच टीमच्या खेळाडूंना गुणांचा फरक सट्टेबाजांच्या सोयीने ठेवल्याबद्दल अटक झाली. तेव्हा कुठलं पोर्टल होतं? पोरं अधिकृतपणे फुकट खेळत होती, हाच तर बुकीचा फायदा.

बॉक्सआउट

दोघंही इतिहासात रमलात. वृत्ती बघायची असेल तर बॉलवरून नजर काढा, एवढी एकच युक्ती आहे.

शॉट सुटला की बहुतेक जण वर बघतात. चांगला खेळाडू आधी आपला माणूस शोधतो, हाताची आडवी कांब करून त्याला अडवतो, मग वळून पाठ आणि नितंब त्याच्यावर टेकवतो, गुडघे वाकवून. बॉलकडे बघायचं ते त्यानंतर. गंमत अशी की नीट अडवणाऱ्याला रिबाउंड (हुकून परत उडालेला बॉल) बहुतेक वेळा मिळतच नाही, शेजारच्याला मिळतो. तक्त्यात शेजाऱ्याचं नाव. ह्यूस्टन विद्यापीठाच्या सरावात रिंगवर प्लास्टिकचा घुमट बसवतात. एकही शॉट आत जात नाही, त्यामुळे प्रत्येक बॉलसाठी मारामारी. रिंगवरून उडालेल्या बॉलवर कुणाचं नाव नसतं हे त्यातून अंगात मुरतं.

दुसरं, चुकीनंतरची पहिली तीन पावलं. पास चोरीला गेला की हात पसरून पंचाकडे बघणारा, आणि वळून सुसाट मागे पळणारा. ही तीन पावलं गेली की समोरच्याचा मोकळा ले-अप (बास्केटखालचा सोपा शॉट) पक्का. बघायला सोपं, पण कॅमेरा तेव्हा बॉलबरोबर गेलेला असतो.

चार्ज घेणं म्हणजे धावत येणाऱ्याच्या वाटेत पाय रोवून उभं राहून छातीवर धडक घेणं. पूर्वी हा वृत्तीचा मापदंड मानायचे, आता सावध राहा. २०२३-२४ पासून पुरुषांच्या नियमात समोरच्याने उडी घेण्यासाठी पाय टेकवायच्या आत तुम्ही जागेवर असायला हवं. उशिरा सरकलात की ब्लॉकिंग फाउल, आणि पाच फाउलला बाहेर. म्हणजे जे काल धाडस होतं ते आज टीमचं नुकसान. निम्मे चार्ज घेणारे तर धडकेच्या आधीच मागे पडायला लागलेले असतात, ते धाडस नव्हे, नाटक.

कोच रिक पिटिनो डिफ्लेक्शन मोजायचे, म्हणजे बचाव करताना बॉलला लागलेलं प्रत्येक बोट. सामन्यात टीमचे ३५ हवेत. हे मोजता येतं, आणि मोजलं की पोरं करतात. ती वृत्ती की हिशेब, ते तुम्ही ठरवा.

निळाई

बॉक्सआउट +१. "कॅमेरा तेव्हा बॉलबरोबर गेलेला असतो" हे भारी.

मधली_फळी

पण वृत्तीचं प्रमाणपत्र वाटतं कोण? २ एप्रिल २०२३, महिलांची फायनल. लुइझियाना स्टेट १०२, आयोवा ८५. शेवटी लुइझियानाच्या एंजल रीसने आयोवाच्या केटलिन क्लार्कपुढे तोंडासमोर हात हलवून 'तुला मी दिसतच नाही' ची खूण केली आणि बोटातल्या अंगठीची जागा दाखवली. झालं, अमेरिकाभर संस्कारांची शिकवणी सुरू. तीच खूण क्लार्कने काही दिवस आधी लुइव्हिलविरुद्ध केली होती, तेव्हा ते 'स्पर्धात्मक तेज' होतं. एक मुलगी काळी, एक गोरी, हे कुणी मोठ्याने बोललं नाही असंही नाही. क्लार्कने स्वतः सांगितलं की रीसवर टीका व्हायला नको. प्रेक्षकांपेक्षा खेळाडूंना जास्त कळतं.

फुलकोर्ट, तुमच्या ओचेफूने मॉप घेतला आणि टीम हरली असती, तर तोच प्रसंग 'नको त्या गोष्टीत लक्ष' म्हणून सांगितला गेला असता. निकाल आधी, वृत्ती नंतर चिकटवतात.

फुलकोर्ट

मधली_फळी, रीसबद्दल पूर्ण मान्य. पण 'निकाल आधी' ला उत्तर आहे: व्हर्जिनिया विद्यापीठ. २०१८ मध्ये पहिल्या मानांकनाची टीम असून सोळाव्या मानांकनाच्या मेरीलँड बाल्टिमोर काउंटीकडून ७४-५४ अशी धुलाई. पुरुषांच्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडलं. २०१९ ला तीच पोरं परत आली. पर्ड्यूविरुद्ध ५.९ सेकंद उरले असताना टाय जेरोमचा दुसरा फ्री थ्रो हुकला, मामादी डियाकिटेने बॉल मागे ढकलला, तो थेट आपल्या अर्ध्यात. पाच फूट नऊ-दहा इंचाचा पहिल्या वर्षाचा किहेई क्लार्क मागे धावला, उचलला, आणि तिथून जेरोमला वगळून लांब पास थेट डियाकिटेला. शॉट, बरोबरी, ओव्हरटाइम, विजय. घाबरलेला पोरगा अर्ध्या कोर्टातून बॉल भिरकावतो. पुढच्या सामन्यात ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद असताना काइल गायने तीन फ्री थ्रो एकामागून एक टाकले, ६३-६२. लाजिरवाण्या पराभवानंतर एकत्र राहिले नसते तर हे घडलंच नसतं. आजच्या नियमात मार्च २०१८ च्या त्या रात्रीच निम्मे पोर्टलमध्ये गेले असते.

खडूस_पंच

आणि जिंकल्यावर? त्या टीमचे हंटर, जेरोम, गाय तिघेही पदवीआधी एनबीएकडे, म्हणजे व्यावसायिक लीगकडे गेले. त्यात गैर काहीच नाही, पण मग 'राहिले' चा गौरव करताना 'गेले' हेही सांगा. त्या टीममधला ब्रॅक्स्टन की अलाबामा सोडून आलेला. नम्रता, सेवाभाव वगैरे पाच खांब शिकवणारे त्यांचे कोच टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, या नव्या वातावरणाला मी योग्य नाही म्हणून निवृत्त झाले. प्रामाणिक निर्णय, मी टोपी काढतो. पण त्यांच्यावर विश्वासून आलेल्या मुलांनी तेच केलं असतं तर तुम्ही 'पोर्टल पिढी' म्हणाला असतात.

बॉक्सआउटने ह्यूस्टनचा घुमट सांगितला. त्याच ह्यूस्टनचे कोच केल्विन सॅम्पसन यांना आधीच्या नोकऱ्यांत भरतीसाठी मुलांना नियमाबाहेर फोन केल्याबद्दल २००८ मध्ये पाच वर्षांची बंदीसदृश शिक्षा झाली. २०१२ मध्ये पुरुष बास्केटबॉलसाठी फोनवरची मर्यादाच काढून टाकली. काल गुन्हा, आज कामाचा भाग. वृत्ती बदलली की नियम?

गुणपत्रिका

'विद्यार्थी-खेळाडू' या शब्दाची आकडेमोड कुणी केली नाही म्हणून. कॉलेज खेळांची संघटना टीमच्या अभ्यासाचा हिशेब असा ठेवते. प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाला दर सत्राला दोन गुण: एक टिकून राहिल्याचा, एक अभ्यासात पात्र राहिल्याचा. १३ खेळाडू, दोन सत्रं, म्हणजे ५२. मिळालेले भागिले शक्य, गुणिले १०००. तीन गुण गेले तर ४९/५२, म्हणजे ९४२. चार गेले तर ९२३. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की मार्चची स्पर्धा बंद. चांगले मार्क घेऊन दुसरीकडे गेलेल्यासाठी सवलत मिळते, पण नापास होऊन गेला तर दोन्ही गुण बुडाले. एकट्याने टीमला ९६२ वर आणलं!

कनेक्टिकटला याच कारणाने २०१३ मध्ये बाहेर बसवलं. सरासरी मागच्या वर्षांची, शिक्षा भोगणारे भलतेच. २०१४ मध्ये परत येऊन सातव्या मानांकनावरून केंटकीला ६०-५४ हरवून विजेते. शबाझ नेपियर त्या बंदीच्या वर्षात सोडून गेला नाही. हा फुलकोर्टचा पुरावा की खडूसचा, मला अजून ठरवता येत नाही.

एफवन_देशमुख

एक वेगळा कोन. सगळ्यांना पैसे मिळतात असं नाही. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठ थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं, २०२५-२६ साठी मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर होती, पण परदेशी खेळाडू विद्यार्थी व्हिसावर असतात. तिकडे शिकणाऱ्या आपल्या पोरांना हे तोंडपाठ असतं: कॅम्पसवर सत्रात आठवड्याला २० तास, बाहेर परवानगीशिवाय काही नाही. केंटकीच्या ऑस्कर शीब्वेने, काँगोचा, देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, २०२२ मध्ये टीम बहामाला गेली तेव्हा तिथे जाहिरातीची कामं उरकली, कारण अमेरिकेबाहेर केलेलं काम चालतं. आणि हो, तोही वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ अर्ध्यावर सोडून आलेला, तरी रिबाउंडसाठी त्याच्याइतका राबणारा दुसरा नव्हता. पोर्टलवाला म्हणजे आळशी, हे समीकरण त्याच्यापाशीच मोडतं.

बॉक्सआउट

१९९२ कडे परत येतो, कारण तिथे सगळ्यांनीच चुकीच्या माणसाकडे बघितलं. आज मॉनिटर असतो. पंच रिप्ले बघून ठरवतात: फ्लॅग्रंट (गंभीर फाउल) १ असेल तर दोन फ्री थ्रो आणि बॉल, फ्लॅग्रंट २ असेल तर त्याबरोबर खेळाडू बाहेर. पडलेल्यावर मुद्दाम पाय म्हणजे २ वर जायला फार वेळ लागू नये. मग तो शॉट घ्यायला लेट्नर नाहीच.

पण फिती परत बघाल तेव्हा टिंबरलेक बघा. पहिल्या वर्षाचा मुलगा, राष्ट्रीय टीव्हीवर छातीवर पाय. उठून अंगावर गेला असता तर दोन्हीकडे टेक्निकल, हिशेब बरोबर, आणि कदाचित तोच बाहेर. तो उठला तो टाळ्या वाजवत, हसत.

खडूस_पंच

फ्री थ्रो मिळणार म्हणून हसला असेल.

बॉक्सआउट

हो, तेच तर म्हणतोय.