पणजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला पॉलिश करावे का?

खाडीकाठ (देवगड): नमस्कार. आमच्या घरी पणजोबांपासून चालत आलेली दुनळी इंग्लिश ठासणीची बंदूक आहे. परवाना सध्या वडिलांच्या नावे आहे. यंदाच्या पावसाळ्यात नळ्यांवर तांबूस गंज चढला. ओळखीचे एक कारागीर बफ मारून त्या लखलखीत करून देण्यास तयार आहेत, परंतु गंजाखालून लाटांसारखी बारीक नक्षी दिसते आणि ती जाईल अशी धास्ती वाटते. काय करावे?

जांभा (राजापूर): कृपया बफ मारू देऊ नका. ती नक्षी वरून कोरलेली नसून नळीच्या घडणीतच आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या सळ्या एकत्र तापवून, पिळून, त्यांची पट्टी दांड्याभोवती गुंडाळत आणि सांधे ठोकून जुळवत अशी नळी घडवीत. मग आम्लयुक्त द्रावणाने पुन्हा पुन्हा हलका गंज चढवून तो दरवेळी घासून काढीत, आणि दोन्ही धातू वेगवेगळे रंगत असल्यामुळे नक्षी उमटे. म्हणजे नळ्यांचा मूळ तपकिरी रंग हाही गंजच, पण कारागिराने आवरून धरलेला. बफमुळे तो रंग जाईल, शिवाय जुने शिक्केही पुसट होतील. खाऱ्या हवेचा वरचा गंज तेल लावून मऊ फडक्याने हळूहळू काढावा.

सुरंगी (वेंगुर्ले): त्याआधी बंदूक भरलेली नाही ना, हे पाहा. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटते. घोड्यांखाली केपा (ठिणगी पाडून बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) नाहीत याची खात्री करून, नळीच्या तोंडापासून दूर उभे राहून लाकडी गज आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तो बाहेरून नळीलगत धरून आत तळापर्यंत गेला होता का ते बघा.

खाडीकाठ: केपा नाहीत. उजव्या नळीत गज तळापर्यंत जातो. डावीत मात्र चार बोटे अलीकडेच अडतो. गेल्या वर्षी पाचर काढून नळ्या उचलल्या होत्या, तेव्हा खाली मुकुट व एकमेकांना छेदणारे दोन राजदंड दिसले होते.

जांभा: तो शिक्का बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा आहे, ते 1813 मध्ये स्थापन झाले आणि तेथे जादा दारूचा बार उडवून नळी पारखली जाई. डावी नळी मात्र भरलेलीच समजा. घरी काहीही उपसू नका, तेलही आत सोडू नका. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्यास आधी फोन करून ती भरलेली असावी असे स्पष्ट सांगा आणि तो सांगेल तसेच न्या.