भेग बुजवण्याआधी पाणी बघा

परभणीकडच्या काळ्या मातीतलं जुनं घर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटत येते, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर इथे वरच्या उत्तरांत दोघांनी सिमेंट भरून रंग मारा म्हणून सांगितलंय. कृपा करून इतक्यात तसं करू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. भरलेलं सिमेंट पुढच्या उन्हाळ्यात कडेने सुटेल.

आधी भेगेच्या दोन्ही बाजूंना पक्क्या विटेत एकेक स्क्रू बसवा. दर महिन्याला त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या सरकपट्टीने) मोजून तारखेसह लिहा. वर्षभराची नोंद इंजिनिअरच्या फार कामाची असते.

तोवर पाण्याकडे बघा. त्या कोपऱ्यापाशी नहाणीचं पाणी मुरतंय का? पन्हळ जोत्याशीच सांडतेय का? पाईप दूर न्या आणि घराभोवती दीड-दोन मीटर रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी करा. पुष्कळदा एवढ्याने हालचाल बरीच कमी होते. भिंतीलगतचं मोठं झाड मात्र एकदम तोडू नका, मुळं पाणी ओढायची थांबली की माती उलट फुगते.

भेग 5 मिलिमीटरच्या पुढे गेली किंवा दारं चौकटीत अडकू लागली, तर थेट स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. पायाखाली नवं काँक्रीट घालायचं ठरलं, तर मीटर-सव्वा मीटरचे तुकडे एकाआड एक खणायचे. अख्ख्या भिंतीखाली एकदम चर मारू देऊ नका, भिंत खाली येईल.