जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस : तुमचे अनुभव

खोकेवाला
काल पुतण्याने एका कार्डाचा फोटो पाठवला. "काका, सेकंडहँड मिळतंय, घेऊ का?" मी म्हटलं कार्डाचं नंतर बघू, आधी कॅबिनेटची बाजू उघड आणि एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) लेबलचा फोटो पाठव. ते लेबल आलं आणि माझा पहिला पीसी डोळ्यासमोर उभा राहिला.

त्यातही असाच कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस होता. वर ठसठशीत ४५० वॅट आणि खाली मुंगीच्या अक्षरातला तक्ता. त्यातल्या +१२ व्होल्टच्या रकान्यात लिहिलेलं १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर, आणि कार्ड काय, प्रोसेसर काय, दोघांची मदार बारावर. गेममध्ये जरा मोठी मारामारी सुरू झाली की पीसी फट्कन बंद. निळा स्क्रीन नाही की एरर नाही, कुणी पिन उपटल्यासारखा. घरातल्या जाणत्यांनी रॅमला नावं ठेवली, विंडोजला ठेवली, माझ्या जागरणांनाही ठेवली. कार्ड तेच ठेवून फक्त एसएमपीएस बदलला आणि दुखणं गेलं.

तेव्हापासून आपला हिशोब ठरलेला आहे. आधी एसएमपीएस, उरलेल्या पैशात कार्ड. चांगला एसएमपीएस दोन-तीन पीसींना पुरतो, कार्ड मात्र बघता बघता जुनं होतं. पटत नसेल तर भांडा. कमी पैशात केलेल्या तुमच्या खटपटी येऊ द्या.

बिनपिनी
भांडतो. एसएमपीएस बदलायचाच कशाला? मदरबोर्डच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं त्यातूनच ७५ वॅट मिळतात, त्यात बसणारं कार्ड घ्या. एनव्हिडियाचं ७५० टीआय ६० वॅटचं, १०५० टीआय ७५ चं, १६५० पण ७५ चं. वरून एक वायर लावायची नाही. माझ्याकडे तीनही होऊन गेली, एसएमपीएस तोच.
फक्त १६५० घेताना कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो मागा. काही मॉडेलना जादा विजेसाठी ६ पिन दिलेली असते.

खोकेवाला
मान्य, पण त्यातली पहिली दोन आता घेऊ नका असं मी म्हणेन. मॅक्सवेल आणि पास्कल या त्यांच्या चिपच्या पिढ्या, त्यांचे नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद, पुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. १६५० अजून चालू आहे.

बिनपिनी
मग ३०५० ६ जीबी. २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅट. पण नीट बघून, ३०५० नावाचंच ८ जीबीवालं १३० वॅटचं आहे आणि त्याला वायर लागते. नावं ठेवणाऱ्यांना कोण आवरणार.

आळशी_अस्वल
मॉनिटरची केबल कार्डात लावा, मदरबोर्डात नाही. नाहीतर कार्ड नुसतं बसून राहतं.
हा माझा संपूर्ण अनुभव. धन्यवाद.

टकटक
😂😂 किती महिने?

आळशी_अस्वल
आकडा सांगणार नाही

ऑफिसचा_डबा
ऑफिसातून निकालात निघालेले ब्रँडेड पीसी स्वस्तात मिळतात, प्रोसेसरही बरा असतो, म्हणून लोक उड्या मारतात. उघडल्यावर कळतं की मदरबोर्डला २४ पिनचा सॉकेटच नाही, ६ किंवा ८ पिनचा स्वतःचा काहीतरी प्रकार. एसएमपीएसचा आकारही वेगळा, बाजारातला त्या खाचेत बसत नाही. २४ ते ६ पिनचा कन्व्हर्टर मिळतो, मी तो लावून एसएमपीएस कॅबिनेटच्या बाहेर टेबलावर ठेवलाय. दिसायला भयाण, चालतोय झकास. बायको त्याला ऑक्सिजन सिलिंडर म्हणते.
आणि कॅबिनेट अर्ध्या उंचीचं असेल तर कार्ड लो प्रोफाइल (कमी उंचीचं) हवं, आणि कार्ड कॅबिनेटला स्क्रूने धरणारी छोटी पट्टी बरोबर आहे का ते विचारून घ्या. कार्ड छोटं आणि पट्टी लांब असं आलं की नुसतं बघत बसायचं.

चष्मिस
सगळं बसलं, पंखे फिरले, आणि मी व्हीजीएची निळी पिन हातात धरून उभा. कार्डाच्या मागे एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट आणि डीव्हीआय. डीव्हीआयला लावायची साधी पिन आणली तर ती आत जाईना. त्या पिनेला एका बाजूला आडव्या पात्याभोवती चार जास्तीचे काटे असतात, कार्डाच्या सॉकेटमध्ये त्या जागी भोकंच नाहीत. एनव्हिडियाने दहाव्या सिरीजपासून (१०५० वगैरे) व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल काढूनच टाकलाय म्हणे. सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो, नुसती पिन बदलून भागत नाही. मॉनिटर जुना असेल तर त्याचाही खर्च आधीच धरा.

रात्रपाळी
कार्ड टाकल्यापासून यूपीएस बोंबलतोय, तो पण बदलू का?

खोकेवाला
किती व्हीएचा आहे?

रात्रपाळी
६०० लिहिलंय

खोकेवाला
साधारण ३६० वॅट धरा. त्यात मॉनिटरही आला. गेम बंद असताना गप्प असेल तर लोडच जास्त होतोय. मॉनिटर काढून बघा, मग ठरवा.

दोन_पोरांची_आई
धाकटी झोपलीय तोवर लिहून घेते. थोरलीला थ्रीडीचं काहीतरी शिकायचंय म्हणून घरी हा घाट घातला. मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलला. नवरा म्हणाला जुन्या केबल छान बांधलेल्या आहेत, त्याच नव्या डब्यात खुपसू. नशीब माझा भाऊ व्हिडिओ कॉलवर होता, ओरडलाच. मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेत किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळं असू शकतं. भावाच्या मित्राच्या दोन्ही हार्ड डिस्क अशाच गेल्या. पिन मस्त बसते हो, म्हणूनच फसतो माणूस.
दुसरं, प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला बहिणी आहेत. प्रोसेसरची ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२. अडत असेल तर जोर लावू नका.

टकटक
भावाच्या मित्राचा डेटा??

दोन_पोरांची_आई
गेला. अजून त्याच्यासमोर विषय काढत नाही कोणी.

टकटक
अरेरे. बॅकअप घ्या रे लोकहो

आळशी_अस्वल
उद्या घेतो

पंखा_नंबर_२
८ पिनची वायर नसेल तर साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) पिनेतून काढणारा कन्व्हर्टर कृपया लावू नका. साटाच्या टोकात बाराच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. म्हणजे ५४ वॅट. समोर ८ पिन मागते १५० पर्यंत. मी दुरुस्तीची कामं करतो. अशी टोकं येतात माझ्याकडे, काळी पिन तपकिरी होऊन फुगलेली, आतले पत्रे प्लास्टिकमध्ये रुतलेले, ओढलं तर निम्मी पिन हातात. एसएमपीएसमधूनच ६+२ ची वायर निघत नसेल तर त्याला ते कार्ड ओढायचं नाही, हे तोच सांगतोय. ऐका त्याचं.

चष्मिस
८० प्लस गोल्डचं स्टिकर असलेला एसएमपीएस घेतला की डोळे मिटून चालेल का?

पंखा_नंबर_२
नाही. ती फक्त वीज किती वाया जाते याची परीक्षा आहे. निम्म्या लोडवर ११५ व्होल्टला गोल्ड ९० टक्के, साधा ८०. आतलं काम कसं आहे, जास्त लोडला तो स्वतः बंद होतो की बोर्ड घेऊन जातो, हे त्या स्टिकरवरून कळत नाही. नावाजलेला ब्राँझ (गोल्डच्या खालचा) आणि नाव न ऐकलेला गोल्ड यात मी ब्राँझ उचलीन.
आणि कुतूहल म्हणून एसएमपीएस उघडू नका. वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात.

नव्वदीचा_कीडा
सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं तेव्हा कार्डांचा पूर आला होता, त्यात मी एएमडीचं आरएक्स ५८० ८ जीबी उचललं. सगळे म्हणाले मायनिंगचं घेऊ नकोस, घासलेलं असतं. मला तसं वाटत नाही. चिप ठणठणीत, पंख्याचे बेअरिंग मात्र खडखडत होते. पंखे बदलले, चिपवरची थर्मल पेस्ट नवी लावली, तापमान उतरलं. १८५ वॅटचं धूड आहे, तेवढं एसएमपीएसचं बघा.
घाबरायचंच तर नकली कार्डाला घाबरा. जुन्या चिपवर बदललेला बायोस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम) टाकून १०५० टीआय म्हणून विकतात. विंडोज बिचारं खरं मानतं. जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवून बघा, ओळखीच्या खोट्या कार्डांच्या नावापुढे ते सरळ 'फेक' लिहितं. विकणाऱ्याच्या समोरच चालवा, घरी आणून नाही.

बिनपिनी
५८० ला काढताना स्लॉटच्या टोकाचा तो खटका दिसतो तरी का तुम्हाला? माझं बोट पोचत नाही, पट्टीने दाबतो.

नव्वदीचा_कीडा
मी चॉपस्टिक 😁 लाकडी असल्याने निर्धास्त

ऑफिसचा_डबा
एएमडीच्या ६५०० एक्सटीबद्दल कुणी बोललं नाही. नवीन आणि स्वस्त दिसतं, पण मदरबोर्डशी बोलायला चारच लेन (डेटाच्या वाटा) आहेत. जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० स्लॉटच्या बोर्डवर त्या चार लेन निम्म्या वेगाच्या होतात, ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. गंमत म्हणजे जुन्या पीसीवाल्यालाच ते परवडतं आणि त्यालाच ते पुरेपूर वापरता येत नाही. स्क्रीनचं चित्र व्हिडिओत बदलणारा एन्कोडरही नाही, स्ट्रीमिंगवाल्यांनी लांब राहा.

रात्रपाळी
मॉनिटर काढला तरी बोंबलतोय

खोकेवाला
मग बॅटरी बघा. किती जुनी आहे?

रात्रपाळी
यूपीएसला बॅटरी असते??

पंखा_नंबर_२
😶 जुनी झाली की बदलावी लागते. मॉडेल नंबर टाका, कुठली लागेल ते सांगतो.

खोकेवाला
पुतण्याचा मेसेज आला. त्याच्या लेबलवर बाराला ३६ अँपिअर आहेत, म्हणजे ४३२ वॅट, आणि ६+२ ची वायर पण निघते. पोराचं काम झालं, आता कार्डाची लांबी मोजायला सांगितलीय. पुढच्या पंख्यापासून मोजायची की पत्र्यापासून, असं विचारतोय.

ऑफिसचा_डबा
पंखा आत लावलेला असेल तर पंख्यापासून. आणि हार्ड डिस्कचा पिंजरा मध्ये येतो का तेही बघायला सांगा, काहींचा स्क्रू काढून निघतो.