आधी आरसी जिवंत आहे का ते पाहा

भाऊ, टोटल लॉसची, म्हणजे विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरलेली पिकअप लिलावात घेऊन दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायचा विचार आहे म्हणता, तर खर्चाआधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाका. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, रद्द दिसली तर ती गाडी फक्त सुट्या भागांच्या कामाची. कबाडीवाला काहीही सांगो.

आरसी चालू असेल तर मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० मूळ मालकाच्या सह्यांसकट डिलिव्हरीच्या वेळीच घ्या, नंतर माणूस सापडत नाही. कर्ज चढलेलं असेल तर आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याची एनओसी (ना हरकत पत्र).

खरी अडचण चेसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरची. वेल्डिंगवाला गंज काढायला ग्राइंडर फिरवतो अन् दोन आकडे उडतात. त्या जागेवर आधीच ग्रीस लावून टेप चिकटवा, ग्राइंडर तिथे नेऊच नका. आरटीओच्या तपासणीला त्या नंबरावर कागद ठेवून घासलेला पेन्सिलचा ठसा स्वच्छ उमटला पाहिजे, जाड रंगाखाली तो उमटत नाही. नंबर आरसीशी जुळला नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली नोंदणीच रद्द होते.

दुसरं इंजिन बसवलं तर बिल हवंच, जुन्या गाडीचं असेल तर तिचे कागदही. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओला कळवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवा. कास्तकारी (शेतकऱ्यांच्या) गाड्यांत हेच राहून जातं, अन् क्लेमच्या वेळी विमावाला नेमकं तिथेच बोट ठेवतो.