मदत हवी आहे: पावसाळ्यात हत्यारं गंजतात, गॅरेज बंदिस्त करू की उघडंच ठेवू?

भुसाबहाद्दर

नमस्कार मंडळी. डिचोलीजवळ गावात राहतो. घराला लागून गाडीची जुनी शेड आहे, ११ बाय १८ फूट. तीन बाजूंना चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगळुरी कौलं, समोर लोखंडी जाळीचं दार. गाडी चार मीटरच्या आतली, म्हणजे १३ फूट धरा. मागे उरतात पाच फूट. त्या पाच फुटांत माझं सुतारकाम चालतं. पोटापाण्याचा धंदा नव्हे, शनिवार-रविवारचं वेड.

बाबा खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांची पेटी घरी आली. पाने, कानशी, आणि बारीक मापं घ्यायची हत्यारं: एक व्हर्निअर, दोन मायक्रोमीटर. माझ्या पटाश्या आणि रंधे वेगळे. दर वर्षी जूनमध्ये सगळं पुसून, तेल लावून ठेवतो आणि दर वर्षी गणेश चवथीला माटोळीची (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात ती) चौकट काढायला शेडमध्ये गेलो की पटाश्यांवर तांबडी लव दिसते. गेल्या वर्षी व्हर्निअरचा जबडाच अडकला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून ठेवला. ते बोलण्यापेक्षा वाईट.

आता यंदा मेमध्ये थोडा खर्च करायचं ठरवलंय. व्हिडिओ बघितले की सगळे सांगतात, फटी बुजवा, खोली बंद करा. आमच्याकडे जुनी माणसं उलट सांगतात, वारा खेळता ठेव. दोन्ही एकदम करता येत नाही. तर:

जाळीच्या जागी पत्र्याचं शटर आणि कौलांखाली सीलिंग करू का? की आहे तसंच ठेवून दुसरं काही?

शिवाय, भिंतीला फळ्या मारायला गेलो तर फास्टनर चिऱ्यात फिरत राहतो, धरतच नाही. वीज घरातून एका एक्स्टेन्शन बोर्डावर आणलीय. शेडमध्ये आणखी काय काय आहे तेही सांगतो, कारण जागेचा प्रश्न आहे: स्कूटर, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, माटोळीची चौकट वाशांना टांगलेली, रंगाचे जुने डबे, माडांना घालायचं मिठाचं पोतं, आणि बाबांच्या मते कधीतरी लागतील अशा सगळ्या वस्तू.

पेठेतला कारागीर

सरळ डीह्युमिडिफायर घ्या. मी पुण्यात फ्लॅटच्या स्टोअररूममध्ये लावलाय, उत्तम चालतो.

पडवीतला

कारागीरबुवा, कौलांच्या शेडमध्ये तो लावला तर अख्खा डिचोली तालुका सुकवावा लागेल. खोली घट्ट बंद असेल तरच त्या यंत्राचा उपयोग. गोव्यात पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि कौलांची प्रत्येक फट म्हणजे खिडकी.

भुसाबहाद्दर, शटर लावू नका. पावसात भिजलेली गाडी आत येते, तिच्या अंगावरून, चाकांतून बादलीभर पाणी आत सांडतं. बंद शेडमध्ये ते पाणी जाणार कुठे? तुमच्या पटाश्यांवर.

गुण्या

सावंतवाडीहून लिहितोय, हवा तीच. शटरचा निर्णय नंतर घ्या, आधी ओल कुठून येते ते बघा. पहिले दोन-चार पाऊस झाले की दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून चिकटवा. एक दिवस ठेवा. खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल जमिनीतून वर येतेय. वरच्या बाजूला दिसले तर हवेतली वाफ गार फरशीवर घाम धरतेय. दोन्हींवर उपाय वेगळे.

आणि एक प्रश्न: पटाश्या नेमक्या कशात ठेवता? व्हर्निअर कशात?

भुसाबहाद्दर

पटाश्या कातडी गुंडाळीत, प्रत्येकीला वेगळा खण. बेळगावात शिवून घेतली होती, फार देखणी आहे. व्हर्निअर त्याच्या मूळ कातडी म्यानातच.

गुण्या

झालं. कातडं कमावताना त्यात आम्ल आणि क्षार राहतात, वर ते हवेतली ओल धरून ठेवतं. कातड्यात ठेवलेलं पातं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पातं. गुंडाळी मुंबईला जाताना वापरा, पावसाळ्यात रिकामी टांगून ठेवा.

माडाखाली

मी मांद्र्याला राहतो, समुद्र पाचशे पावलांवर. लोखंडाशी आमचं जन्माचं वैर. तुमची यादी वाचून थोडा दचकलो. मिठाचं पोतं शेडमध्ये? हत्यारांपासून किती लांब?

भुसाबहाद्दर

बाकड्याखाली आहे. पेडण्याकडच्या आगरातलं मीठ, बाबा दर वर्षी आणतात, पाऊस लागायच्या आधी माडांच्या आळ्यात घालतात. उरलेलं तिथेच राहतं.

माडाखाली

म्हणजे मी समुद्राकाठी राहतो आणि तुम्ही समुद्र बाकड्याखाली ठेवलाय.

शुद्ध मीठसुद्धा हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून ओघळू लागतं. आगरातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. पावसाळ्यात पोत्याखालची जमीन काळी ओली दिसते ना? ते पाणी छताचं नव्हे. क्लोराइड लोखंडावर बसलं की गंजाची खपली धरून राहत नाही, खालून नवी खात जाते. पोतं आजच हलवा, परसात मोरीजवळ, बंद पिंपात. आणि ज्या जागी होतं ती जमीन दोनतीनदा साध्या पाण्याने धुऊन घ्या.

तारजोड

वायरिंगचं काम करतो, फोंड्यात. माझी नजर बॅटरीवर अडकली. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि त्याबरोबर गंधकाम्लाचा बारीक फवाराही. तुम्ही तिथे ग्राइंडर चालवता का? ठिणग्या आणि हायड्रोजन एका कोपऱ्यात नकोत. आम्लाची वाफ हत्यारांवर बसते ती वेगळीच. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर समजा वाफ भरपूर सुटतेय. बॅटरी पडवीत, हवेशीर जागी काढा.

आता वीज. एक्स्टेन्शन बोर्ड बंद. मीटरपासून वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचे दोन सॉकेट, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारं बटण. हीच महत्त्वाची, कारण ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून तुम्ही करवत चालवणार, चप्पल घाला म्हटलं तरी ऐकणार नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून एमसीबी सी कर्व्हची मागा, नाहीतर दर वेळी पडेल. अर्थिंगचा खड्डा चिऱ्याच्या जमिनीत मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो, त्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालत जा. बोर्ड जमिनीपासून चार फुटांवर, आणि वळचणीच्या भिंतीवर नको.

चिऱ्याच्या भिंतीबद्दल: फास्टनर धरणार नाही. चिरा मऊ, पोकळ, आणि जुन्या घरात सांध्यात माती. आम्ही बोर्डसुद्धा लाकडी गुटका सिमेंटमध्ये बसवून मग त्यावर मारतो. दहा-वीस किलोला ते चालतं, हत्यारांच्या कपाटाला नाही.

पडवीतला

त्यासाठी लोखंडी चौरस पाइपची उभी चौकट करून घ्या, वजन जमिनीवर, भिंतीला फक्त टेकू. भिंतीपासून तीन बोटं लांब. मागे वाळवीची मातीची नळी चढू लागली तर दिसते. आडव्या पट्ट्या पंचेचाळीस अंशात चिरून लावा. दुसरी तशीच पट्टी फळीच्या पाठीला. एकावर एक अडकतात, स्क्रू न काढता फळी उचलून दुसरीकडे लावता येते. प्लाय घ्याल तर आयएस ७१० (मरीन प्लायचा) शिक्का बघून, बाकीचे आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतात.

आणि चिऱ्यांना आतून प्लॅस्टिक इमल्शन लावायचा मोह होईल. लावू नका. ओल भिंतीत अडकते आणि रंग फुगून पडतो. चुना लावा, भिंत श्वास घेते.

गुण्या

मूळ प्रश्नाकडे येतो. शेड उघडी ठेवा आणि एक कपाट बंद करा, अर्धा बाय एक मीटरचं, दोन दारांचं, दाराच्या कडेला रबरी पट्टी. त्यात जुना झिरोचा बल्ब, पिवळा, तारेचा. एलईडी नको, तो गरम होत नाही. झिरो म्हणतात तरी तो सुमारे १५ वॉट खातो. कपाटातलं तापमान बाहेरच्यापेक्षा पाचेक अंश वाढलं की बाहेर २८ अंशांना ९० टक्के आर्द्रता असताना आत ती ६८ च्या आसपास येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेला ते कमी वाटतं. दिवसरात्र लावलात तरी महिन्याला ११ युनिट. खाली दोन छोटी भोकं, वर दोन. बल्बला जाळी, आणि त्याच्या आसपास फडकं, थिनर, जवसाचं तेल काही नको. जवसाच्या तेलाची फडकी तर चुरगळून कुठेच ठेवू नका, ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा, मग टाका.

ओल शोषायला सिलिका जेल वापराल तर नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात तापवू नका.

कोकमसोलं

गंज काढायला तुम्ही सगळे कसली रसायनं वापरता देव जाणे. आमच्या आजी विळीचं पातं बिमलांच्या (आंबट फळं) रसात चोळायच्या. झाड तुमच्या परसात असेलच.

गुण्या

चालतं, ऑक्झॅलिक आम्ल आहे त्यात. पण लगेच सोड्याच्या पाण्याने धुवा, पुसा, तापवून वाळवा आणि तेल लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त तांबडं. मायक्रोमीटरला मात्र आम्ल दाखवूही नका.

भुसाबहाद्दर

मंडळी, ऑगस्टचा पहिला आठवडा आहे, म्हणून हिशेब देतो.

शटर लावलं नाही. बॅटरी पडवीत गेली. वायरिंग तारजोड यांनी सांगितलं तसं गावच्या वायरमनकडून करून घेतलं. आरसीसीबी तो नको म्हणत होता, उगाच पडत राहते म्हणून. मी हट्ट धरला. जूनमध्ये दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा कारण माझ्या जुन्या ग्राइंडरची सोललेली वायर निघालं. ग्राइंडर आता भंगारात आहे.

प्लॅस्टिकच्या तुकड्याखाली थेंब होते, वर नव्हते. म्हणजे ओल जमिनीची. कपाट आता चार चिऱ्यांवर आहे, खाली जाड प्लॅस्टिक. बल्बवालं कपाट केलं, माटी लाकडाची चौकट आणि प्लायची दारं. आत एक पंधरा रुपयांचं थर्मामीटर टांगलंय, रोज सकाळी बघतो, चार ते सहा अंश जास्त असतं.

मिठाच्या पोत्याचा प्रश्न सर्वांत अवघड गेला. बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं मीठ इथेच असतं, तेव्हा हत्यारं गंजत नव्हती." मी म्हटलं, तेव्हा तुमची हत्यारं खाणीवर असायची, बाबा. ते थोडा वेळ गप्प बसले. संध्याकाळी बघतो तर पोतं पिंपात आणि पिंप न्हाणीमागे. कोणी हलवलं विचारलं तर म्हणाले, "मला काय माहीत."

पटाश्या आज काढून बघितल्या. स्वच्छ. व्हर्निअर सरकतंय, बाबांनी त्याच्यावर चवथीच्या माटोळीच्या सुपाऱ्या मापल्या, कोण मोठी ते ठरवायला. फक्त एक गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार, आपले गुण्या नव्हेत) बाकड्यावर भुशाखाली विसरला होता, दहा दिवस. भुसा काढला तर खाली त्याचा तांबडा ठसा लाकडावर उमटलेला.

आता एकच अडचण. मागच्या पाच फुटांत कपाट आणि बाकडं बसवल्यापासून माटोळीची चौकट वाशांवरून खाली उतरवायला शिडी टेकवायला जागा नाही. कप्पी लावून उतरवली तर वाशांना भार पेलेल का? चौकट लाकडी आहे, दोघांनी उचलावी लागते, आणि वासे साठ वर्षांचे. चवथीला फार दिवस उरले नाहीत.

पडवीतला

वाशाला नको, आढ्याला बांधा. आणि बांधण्याआधी आढ्याच्या दोन्ही टोकांना, भिंतीत शिरतं तिथे, पटाशीने टोचून बघा. पटाशी आत गेली तर यंदा शेजाऱ्यांना बोलवा.